सातपुड्यातली पक्षीनोंद आणि रानपिंगळ्याची साक्ष

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याच्या पक्ष्यांची पहिली सविस्तर छापील यादी मात्र त्याआधी 116 वर्षे, 1882 मध्येच निघाली होती. जेम्स डेव्हिडसन नावाच्या स्कॉटिश सनदी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची कच्ची यादी तयार केली आणि ती ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात जवळजवळ पन्नास पानांत छापली गेली. यादीला त्याने स्वतःच कच्ची म्हटले होते. तरीही तापीचे खोरे, शहादा-तळोद्याचा पट्टा आणि सातपुड्याचा पायथा यांच्याविषयी पुढे शतकभर पक्षिशास्त्राला जे काही खात्रीने माहीत होते, त्याचा मोठा भाग या एका यादीवर आणि त्याच माणसाने गोळा केलेल्या कातड्यांवर उभा होता. या यादीचे आणि तिच्यातल्या एका छोट्या घुबडाचे पुढे काय झाले ते पाहिले, की आजच्या एका साध्या कामाकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. ते काम म्हणजे शरदात पक्षी दिसला की तो कुठे, कधी आणि कोणाला दिसला हे लिहून कळवणे. हा हौशी लोकांचा विरंगुळा आहे, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. नंदुरबारचा इतिहास त्याच्या उलट साक्ष देतो. एका खोट्या नोंदीने इथल्या पक्ष्याचा शोध भलतीकडे नेला, एका खऱ्या नोंदीने तो 113 वर्षांनी सापडला, आणि मधल्या काळातल्या कोऱ्या पानांना लोकांनी पक्षी नसल्याचा पुरावा मानले.

‘स्ट्रे फेदर्स’ चालवणारा अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम आपल्याला काँग्रेसच्या स्थापनेमुळे ठाऊक असतो. पण त्याच्या आयुष्याची ऐन वर्षे पक्ष्यांमागे गेली. सिमल्याच्या आपल्या बंगल्यात त्याने हजारो कातड्यांचे संग्रहालय उभारले होते, आणि देशभर विखुरलेल्या अधिकाऱ्यांना, इंजिनिअरांना, लष्करी लोकांना तो पत्रे पाठवून कामाला लावत असे. 1872 मध्ये सुरू केलेल्या नियतकालिकात त्याने या सगळ्यांच्या नोंदी छापल्या. त्याची शिस्त सोपी होती आणि कडकही. पक्ष्याच्या कातड्याला चिठ्ठी हवी, चिठ्ठीवर गाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव हवे. चिठ्ठी नसलेले कातडे कितीही सुंदर असले तरी शास्त्राला मुके. ह्यूमच्या वाट्याला पुढे मोठे दुःख आले: भारतीय पक्ष्यांवरच्या ग्रंथासाठी त्याने अनेक वर्षे जमवलेली हस्तलिखिते नोकरांनी सिमल्याच्या बाजारात रद्दी म्हणून विकली. 1885 मध्ये त्याने आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला आणि पक्षिशास्त्रातून अंग काढून घेतले. एका माणसाच्या घरात साठवलेले ज्ञान किती सहज नाहीसे होते, याचे इतके ठसठशीत उदाहरण क्वचितच मिळेल. वाचले ते छापलेले आणि चिठ्ठी लावलेले. डेव्हिडसनची खानदेशची यादी त्या वाचलेल्यांपैकी आहे.

या यादीचे मोल मान्य करतानाच तिची घडण समजून घ्यायला हवी. ब्रिटिश अधिकारी जिल्ह्यात फिरत ते मुख्यतः हिवाळी दौऱ्यावर, तंबू-बैलगाड्यांसह. पावसात सातपुड्याच्या वाटा बंद असत, आणि पाऊस ओसरल्यावरचे दोन-तीन महिने तर पायथ्याचा मुलूख हिवतापासाठी बदनाम होता. घाट चढून तोरणमाळला जायचे किंवा अक्राणीच्या डोंगरात शिरायचे ते ताप सरल्यावर, थंडी पडल्यावर. म्हणजे नेमके ज्या दिवसांत उत्तरेकडचे पक्षी खानदेशात उतरत असतात, त्याच भाद्रपद-अश्विनात लिहिणारा माणूस डोंगरात नसे. असे असेल तर त्या काळच्या कागदांत हिवाळ्याचे पाहुणे भरपूर भेटावेत आणि त्यांच्या येण्याचे दिवस मात्र धूसर राहावेत, यात नवल नाही. नोंदींचे पंचांग पक्ष्यांपेक्षा प्रशासनाच्या दौऱ्याने ठरत होते. जुनी यादी वाचताना हे विसरले, तर अधिकाऱ्याच्या सोयीला आपण पक्ष्याचा स्वभाव समजून बसतो.

आता त्या घुबडाकडे वळू. डिसेंबर 1872 मध्ये मध्य प्रांतात नोकरीवर असलेल्या एफ. आर. ब्लेविटने फुलझर भागात, म्हणजे आजच्या छत्तीसगडमधल्या बसन्याजवळ, एक लहान घुबड मारले आणि ह्यूमला पाठवले. ह्यूमने 1873 मध्ये त्याचे वर्णन नवी जात म्हणून छापले आणि तिला ब्लेविटचे नाव दिले. मराठीत आपण त्याला रानपिंगळा म्हणतो. 1877 मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉलला ओडिशाच्या बाजूला खरियार भागात एक मिळाले. त्यानंतर हा पक्षी मिळाला तो थेट खानदेशात, आणि तोही डेव्हिडसनला, 1880 ते 1884 च्या दरम्यान, शहादा-तळोदा पट्ट्यात. एकापेक्षा अधिक वेळा मिळाल्यामुळे तो चुकून भरकटलेला नव्हता हे उघड होते. तो या मुलखाचा रहिवासी होता. 1884 नंतर मात्र खात्रीची एकही नोंद नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून उणीपुरी सात कातडी, एवढाच या जातीचा ऐवज उरला. पक्ष्यांच्या पुस्तकांत त्याचे चित्र छापले जात राहिले, पण ज्याने तो जिवंत पाहिला आहे असा माणूस कोणाच्या ओळखीचा नव्हता.

या शांततेत एक आवाज उमटला आणि तो खोटा होता. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन हा ब्रिटिश लष्करातला नामांकित माणूस. 1954 मध्ये त्याने आपला सुमारे 20,000 पक्ष्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. त्यात एक रानपिंगळा होता आणि त्याच्या चिठ्ठीवर 1914 साल आणि गुजरातेतले मांडवी हे ठिकाण लिहिलेले होते. ही मांडवी सुरत जिल्ह्यातली, तापीच्या काठची, शहाद्यापासून नदीच्या खालच्या अंगाला. इतक्या मोठ्या माणसाच्या चिठ्ठीवर शंका घेण्याचे कोणाला कारण वाटले नाही. ग्रंथांतून ‘शेवटची नोंद 1914, मांडवी’ असे छापले जाऊ लागले, आणि पुढे डिलन रिप्ले, सालिम अली यांच्यासारख्या अनुभवी पक्षितज्ज्ञांनी हा पक्षी शोधायचे ठरवले तेव्हा विचारात घेतलेल्या जागांत ही जागाही आली. पक्षी मिळाला नाही. प्रत्येक अपयशी शोधाबरोबर तो नामशेष झाल्याची शक्यता थोडी अधिक खरी वाटू लागली. खोट्या नोंदीचे नुकसान हे असे दुहेरी असते. ती शोधणाऱ्याला चुकीच्या रानात पाठवते, आणि तिथून रिकाम्या हाताने परतलेल्याच्या निराशेला पुराव्याचे रूप देते.

माइनर्ट्झहागेनच्या संग्रहाबद्दल कुजबुज जुनी होती; 1993 मध्ये अ‍ॅलन नॉक्स यांनी त्यातल्या काही पक्ष्यांची छाननी करून त्यांत फसवणूक झाल्याचे दाखवले. रानपिंगळ्याच्या कातड्याकडे स्मिथसोनियन संस्थेत काम करणाऱ्या पामेला रासमुसेन आणि ब्रिटनचे नायजेल कॉलर यांनी बारकाईने पाहिले. कातडे भरण्याची, शिवण्याची प्रत्येक माणसाची एक ढब असते. हस्ताक्षरासारखीच ती ओळखू येते. क्ष-किरण चित्रे घेऊन आणि इतर नमुन्यांशी ताडून त्यांनी निष्कर्ष काढला की हे कातडे मुळात डेव्हिडसनने खानदेशात तयार केलेले होते. ते म्युझियममधून चोरले गेले, उसवून पुन्हा भरले गेले आणि त्याला नवी चिठ्ठी बांधली गेली. म्हणजे ‘मांडवीचा’ पक्षी मांडवीचा नव्हताच. तो इथलाच होता, आणि त्याची खरी जागा व खरे साल दोन्ही पुसून त्याला परगावचा केलेला होता. त्यांचा हा निबंध 1999 मध्ये ‘आयबिस’मध्ये प्रसिद्ध झाला. पण त्याआधीच त्यांच्या निष्कर्षाने आपले काम केले होते. खोटी नोंद बाजूला ठेवल्यावर शोधायच्या जागा थोड्याच उरत होत्या: पूर्वेला फुलझर आणि खरियार, पश्चिमेला डेव्हिडसनचे खानदेश.

नोव्हेंबर 1997 मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे अमेरिकी अभ्यासक भारतात आले. आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा पाहून झाल्या. तिथे काही मिळाले नाही. मग ते शहाद्याला आले. डेव्हिडसनच्या काळात मैदानावर जे रान होते ते शेतीखाली गेले होते. उभे रान उरले होते ते सातपुड्याच्या पायथ्याला आणि वर. 25 नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याच्या उत्तरेला पायथ्याच्या सागवानी रानात किंग यांना उघड्या फांदीवर बसलेले घुबड दिसले. त्या क्षणाच्या आनंदावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते पुढचे. त्यांनी केवळ ‘दिसला’ असे कळवले नाही. साधा पिंगळा खानदेशात गावोगावी आहे, आणि घाईत पाहणाऱ्याला दोघांत गल्लत होणे अगदी शक्य आहे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे. रानपिंगळ्याच्या पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे, पोट खालच्या बाजूला स्वच्छ पांढरे, डोके आणि पाय अंगाच्या मानाने थोराड. ही सगळी लक्षणे त्यांनी चित्रफितीत आणि छायाचित्रांत पकडली, जागा व वेळ लिहिली आणि 1998 च्या ‘फोर्कटेल’मध्ये छापली. ज्याला शंका असेल त्याने यावे आणि पाहावे, अशी ती नोंद होती. लोक आले आणि त्यांना पक्षी दिसला.

इथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. 2014-15 च्या सुमारास गुजरातेतल्या डांग भागात, पूर्णा अभयारण्यात, रानपिंगळा खरोखर सापडला. डांग मांडवीपासून फार लांब नाही. मग कर्नलची चिठ्ठी खोटी असली तरी तिने सांगितलेला मुलूख तर बरोबरच निघाला. तिने काय बिघडवले? याचे उत्तर असे की नोंद म्हणजे अंदाज नव्हे. ती विशिष्ट दिवशी, विशिष्ट जागी, विशिष्ट पक्ष्याबद्दल दिलेली साक्ष असते. न पाहिलेल्या खुनाबद्दल साक्षीदाराने अंदाजाने नाव घेतले आणि योगायोगाने आरोपी तोच निघाला, म्हणून ती साक्ष खरी ठरत नाही. न्यायालय ती फेटाळते, कारण पुढच्या वेळी तोच साक्षीदार निरपराधाला फासावर चढवील. पक्ष्यांच्या बाबतीतही हेच झाले. या एका माणसाच्या नावावर उपखंडातल्या कितीतरी जातींच्या नोंदी होत्या. रासमुसेन आणि जॉन अँडरटन यांना 2005 च्या आपल्या दक्षिण आशियाच्या पक्षिग्रंथात त्या सगळ्यांकडे नव्याने संशयाने पाहावे लागले. त्यांत काही खऱ्याही असतील. पण कोणत्या खऱ्या हे कळण्याची सोय आता राहिलेली नाही, आणि खोट्याने खऱ्यालाही निरुपयोगी केले हीच सर्वांत मोठी हानी.

दुसरा आक्षेप असा की 113 वर्षे पक्षी दिसला नाही याचे खरे कारण तो दुर्मीळ होता हेच आहे; नोंदींना इतके महत्त्व कशाला? तो दुर्मीळ आहे यात वाद नाही. आजही प्रौढ पक्ष्यांची जागतिक संख्या हजाराच्या आतच धरली जाते. पण दुर्मीळ पक्षी शोधणाऱ्याला क्वचित दिसतो. जिथे शोधणारा जातच नाही तिथे विपुल पक्षीही दिसत नाही. या दोन अवस्था कागदावर सारख्याच दिसतात. त्या वेगळ्या कशा करायच्या, ते 1997 नंतरच्या वर्षांनी दाखवले. फराह इश्तियाक आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी यांनी पद्धतशीर पाहणी सुरू केली आणि तोरणमाळबरोबर मध्य प्रदेशातल्या खकनारला व मेळघाटातही रानपिंगळा नोंदवला. पुढे यावलच्या रानात, मग तानसा अभयारण्यात, मुंबईच्या इतक्या जवळ, तो भेटला. ज्या रानांत डोळे पोचले त्यांपैकी कितीतरी रानांत पक्षी होता. 2018 मध्ये त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’वर आणला गेला. या बातमीने पुष्कळांना वाटले की पक्षी वाढले. वाढली ती आपली माहिती. सातपुड्यातले रान याच काळात अनेक ठिकाणी विरळ झाले आहे, आणि एखाद्या खोऱ्यात पक्षी पूर्वीपेक्षा कमी झाला असेल तर या दर्जाबदलात ते दिसणार नाही. नोंद नसण्याचा अर्थ पक्षी नसणे असा लावणे जितके चुकीचे, तितकेच नोंदी वाढण्याचा अर्थ पक्षी वाढणे असा लावणे चुकीचे. दोन्ही चुकांचे मूळ एकच: शोधायला किती माणसे, किती वेळ, कुठे गेली हे न लिहिणे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. सातपुड्यात पावरा आणि भिल्ल पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांच्या अंगणासमोरच्या सागावर बसणारा पक्षी ‘हरवला’ कसा, आणि परदेशी अभ्यासकांनी तो ‘शोधला’ कसा? या प्रश्नामागचा राग योग्य आहे. रानात रोज जाणाऱ्या माणसाला पक्ष्यांची जी ओळख असते ती दौऱ्यावरच्या साहेबाला असणे शक्य नाही, आणि शंभर वर्षांत पक्षिशास्त्राने शहादा-धडगावच्या माणसांना पद्धतशीरपणे विचारले असते तर हा शोध कदाचित कितीतरी आधी लागला असता. तरीही एवढ्याने वाद संपत नाही. साधा पिंगळा आणि रानपिंगळा यांतला फरक प्रत्येकाने मनात वेगळा ठेवलाच असेल असे आपण गृहीत धरू शकत नाही. आणि तोंडी ज्ञान जिवंत असते तोवरच सांगणाऱ्याबरोबर राहते. ह्यूमची हस्तलिखिते रद्दीत गेली, तशीच म्हाताऱ्या माणसाबरोबर रानाची ओळखही जाते. म्हणून लिहिणारा तिथेच राहणारा माणूस असणे, हा यावरचा खरा उपाय आहे. डेव्हिडसनच्या यादीतली वर सांगितलेली उणीव हीच होती: लिहिणारा बाहेरचा, म्हणून त्याचे ऋतूही बाहेरचे. अक्कलकुव्याच्या आश्रमशाळेतला शिक्षक, नवापूरचा वनरक्षक, शहाद्याच्या महाविद्यालयातली विद्यार्थिनी यांना हिवताप आणि बैलगाडी अडवत नाही. ते अश्विनातही तिथेच असतात.

आणि अश्विनातच तर लिहिण्यासारखे पुष्कळ असते. रानपिंगळा जागचा हलत नाही. शतकभर दुर्लक्ष होऊनही तो एकदा सापडला की पुन्हा सापडतो. स्थलांतर करणारा पक्षी मात्र त्या आठवड्यात पाहिला नाही तर ती तारीख कायमची गेली. स्थलांतराच्या अभ्यासाचा भारतातला आरंभही नंदुरबारपासून फार दूर झाला नाही. सातपुड्यापलीकडे, नर्मदेच्या उत्तरेला असलेल्या धार संस्थानच्या महाराजांनी 1926 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या साहाय्याने पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे काम सुरू केले. सालिम अलींनी 1959 पासून 1973 पर्यंत जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठबळावर हेच काम प्रचंड प्रमाणात केले, कारण पक्षी आपल्याबरोबर विषाणू आणतात का, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर होता. कड्यावर क्रमांक आणि सोसायटीला कळवण्याची विनंती कोरलेली असे. ह्यूमची चिठ्ठी कातड्याला बांधलेली होती. ही चिठ्ठी जिवंत पक्षी स्वतःच घेऊन उडत होता. 2007 मध्ये ‘मायग्रंटवॉच’ हा उपक्रम सुरू झाला आणि त्याने सामान्य निरीक्षकाला एकच साधी गोष्ट विचारली: यंदा अमुक पाहुणा पक्षी तुम्हाला पहिल्यांदा कोणत्या तारखेला दिसला? पुढे हे काम ‘ई-बर्ड’मध्ये मिसळले. ई-बर्डने त्यात एक मोलाची भर घातली. किती वेळ पाहिले, किती अंतर चाललात आणि ओळखलेले सगळे पक्षी लिहिलेत का, हे ते विचारते. ‘सगळे लिहिले’ असे म्हटले की यादीत नसलेल्या पक्ष्यालाही अर्थ येतो. डेव्हिडसनच्या यादीला जे जमले नाही, ते इथे सुरू झाले.

मग आता फोन हातोहाती आहेत, नोंदी आपोआप भरतील, असे म्हणणारे भेटतात. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’च्या 2023 च्या अहवालामागे तीन कोटींहून अधिक निरीक्षणे आणि सुमारे तीस हजार निरीक्षक होते, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण निरीक्षणे जिथे निरीक्षक राहतात तिथे जमतात. मुंबई, पुणे, नाशिकच्या पाणवठ्यांवर सुटीच्या दिवशी दुर्बिणींची रांग लागते. धडगावच्या ओढ्यावर लागत नाही. आकडा मोठा झाला म्हणून पान भरले असे होत नाही. दाट लिहिलेल्या पानांच्या गर्दीत कोरे पान दिसेनासे होते, एवढेच. आणखी एक भीती बोलून दाखवली जाते आणि ती खरी आहे: दिवाळीच्या सुमारास अंधश्रद्धेपोटी घुबडांचा चोरटा व्यापार होतो, मग रानपिंगळ्याची नेमकी जागा जाहीर करायची का? नाही करायची. नोंद ठेवणे आणि ती चव्हाट्यावर मांडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संवेदनशील जातींचे नेमके ठिकाण झाकून ठेवण्याची सोय आज आहे, आणि वनविभागाला, अभ्यासकांना ते कळणे पुरेसे असते. भीतीपोटी नोंदच न करणे म्हणजे रान तोडायला निघालेल्याला ‘इथे काही नाही’ असे लिहून देणे. 1997 च्या नोंदीनंतरच तोरणमाळच्या राखीव जंगलाकडे देशातले महत्त्वाचे पक्षिक्षेत्र म्हणून पाहिले जाऊ लागले, हे विसरता येत नाही.

जागेचे नाव लिहिण्याबाबत मात्र आपण सैल आहोत. डेव्हिडसनने ‘पश्चिम खानदेश’ लिहिले तेव्हा त्या नावाचा जिल्हा नव्हता. तो 1906 मध्ये खानदेशाचे दोन भाग झाल्यावर झाला, मग त्याचा धुळे झाला आणि त्यातून नंदुरबार निघाला. शहाद्याचा रानपिंगळा सापडला तेव्हा शहादा धुळ्यात होते. फुलझरही मध्य प्रांतातून मध्य प्रदेशात आणि तिथून छत्तीसगडात गेले. नुसते जिल्ह्याचे नाव लिहिणाऱ्याची नोंद सरकारच्या एका अधिसूचनेने संदिग्ध होते. नदी, ओढा, पाडा, घाट यांची नावे टिकतात. त्यातही पाणी बदलले आहे हे ध्यानात ठेवावे लागते. उकाई धरणाचा फुगवटा नंदुरबारच्या हद्दीत आला, तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा इथे बॅरेज झाले, सरदार सरोवराने नर्मदेकाठची खोरी बुडवली. बदके, चिखले पक्षी, भोवत्या यांना उतरायला डेव्हिडसनच्या काळी नसलेली पाण्याची पात्रे आता आहेत, आणि तेव्हा असलेली नदीकाठची रेती व रान नाही. हा फरक पक्ष्यांच्या येण्या-जाण्यावर काय करतो, हे सांगायला दर वर्षीच्या तारखा लागतात, आणि त्या एकाच जागेवरून, त्याच पद्धतीने घेतलेल्या लागतात.

महाराष्ट्र शासनाने 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांचे जन्मदिवस त्याच्या दोन टोकांना आहेत. शाळाशाळांतून पक्षी मोजले जातात, हे चांगलेच आहे. पण शरदातल्या नोंदीसाठी हा आठवडा उशिराचा आहे. चिखले पक्षी पाऊस सरण्याआधीच येऊ लागतात, धोबी आणि थिरथिरा सप्टेंबर-ऑक्टोबरात दिसू लागतात, बदकांचे थवे मागाहून भरतात. नोव्हेंबरात मोजणी केली तर कोण आले ते कळते. कधी आले ते कळत नाही, आणि हवामान बदलत असताना विचारायचा प्रश्न नेमका तोच आहे. नंदुरबारमधल्या शाळेला वही सुरू करायची असेल तर ती पोळ्याला सुरू करावी, एकच ओढा किंवा एकच तळे निवडावे, आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी जावे आणि ज्या दिवशी एकही पाहुणा पक्षी दिसला नाही त्या दिवसाचीही तारीख घालावी. तोरणमाळच्या यशवंत तलावावर, प्रकाश्याच्या संगमावर आणि नवापूरच्या बाजूला उकाईच्या फुगवट्यावर अशा तीन वह्या दहा वर्षे चालल्या, तर 1882 नंतर पहिल्यांदाच या मुलखाच्या शरदाची तुलना करण्याजोगी नोंद हाताशी येईल.